डॅग्नीची फडकी

सॅनेटोरियम, १२ सप्टेंबर १९३६

प्रिय वन्सं,

बसून घ्या आणि मग वाचा, कारण हसू येणार आहे. मला विणायला शिकायचंय.

हसलात ना? हसा. आमच्या लग्नात तुम्ही डझनभर फडकी दिलीत तेव्हा मी सगळ्या बायकांसमोर म्हणाले होते की आयुष्यभर पुरतील, मला सुया हातात धरायची वेळ नको यायला. तेव्हा तुमचं तोंड एवढंसं झालं होतं. पण खरी गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही ती आज सांगते. शाळेत सगळ्या पोरींचं पहिलं विणकाम म्हणजे भांड्यांचं फडकंच. आणि त्या वर्षी मी मामाकडे गाई राखत होते. परत आले तर वर्ग मोज्यांवर गेला होता. लाज वाटली म्हणून सांगितलं, मला आवडतच नाही.

इथे दिवसाचे सहा तास ओसरीवर कातडी पिशवीत गुंडाळून पडायचं. बोलायचं नाही, हसायचं नाही. हसलं की फुप्फुस हलतं म्हणे. संध्याकाळी जेवणाआधी एक तास हातांना मोकळीक. बाकीच्या बायका काय काय करतात. माझ्या खोलीतली एडेल, टेलिफोनवर काम करायची ती, भरतकाम करते. मी नुसती त्यांच्याकडे बघत बसते.

इथून बाहेर जायची ती वस्तू आधी मेट्रनबाई उकळून घेतात. लोकर उकळली की आटून बाहुलीचा सदरा होतो. सूत मात्र कितीही उकळा. म्हणजे घरी पाठवता येईल असं एकच काही मला करता येण्यासारखं आहे, ते म्हणजे फडकं.

मला येऊन चार महिने झाले. लिस्बेट तेव्हा दोन वर्षांची होती. मुलांना इथे आणता येत नाही, आणि फोटो बघून मूल आईला किती दिवस ओळखणार? माझ्या हातचं काहीतरी त्या स्वयंपाकघरात असावं, तिनं ते रोज हातात घ्यावं, एवढंच माझ्या मनात आहे. कसं करायचं ते लिहा.

तुमची,
डॅग्नी

---

ओडेहाउन, १९ सप्टेंबर

डॅग्नी,

हसले नाही. थोडीशी हसले.

गाई राखत होतीस ते मला माहीत होतं. तुझ्या मामीनं लग्नाआधीच सांगितलं होतं. तू होऊन सांगतेस का बघत होते, सात वर्षं लागली.

आता ऐक. सोबत पांढऱ्या सुताचे दोन गुंडे आणि माझ्या जुन्या सुया पाठवल्यात. त्या परत पाठवू नकोस, माझ्याकडे आहेत. टाके कसे घालायचे ते कागदावर लिहून कळणार नाही, ते त्या टेलिफोनवालीकडून शिकून घे. चाळीस टाके घाल. मग ओळभर सुलट विण. मग सुई फिरव आणि परत सुलट. उलट टाक्याच्या भानगडीत पडू नकोस. सुताला लोकरीसारखी ढील नसते, ते ताणलं जात नाही, म्हणून धागा आवळून धरलास की बोटं दुखतात. सैल धर. चौकोन झाला की नाही हे डोळ्यांनी ठरवू नकोस. एक कोपरा दुमडून समोरच्या कडेवर ने. नीट बसला की झालं. मग टाके मिटव.

चुकलं तर उसवायचं. उसवण्यात कमीपणा नाही. मी अजूनही उसवते.

लिस्बेट ठीक आहे. राय धान्याचा काळा पाव हलक्या बिअरमध्ये शिजवलेला देते, वाटी चाटूनपुसून खाते. तुझ्या लाउरिट्सची बोट रोज बाहेर पडते, मासे बरे मिळतायत. तू साय टाकून देतेस असं ऐकलं. खा ती.

अबेलोने

---

सॅनेटोरियम, १८ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

हे घ्या. आधीच सांगते, वाकडं अंगण नाही, नाचणारीच वाकडी आहे. चाळीस टाक्यांनी सुरू केलं आणि मिटवताना मोजले तर त्रेपन्न. जास्तीचे तेरा कुठून आले ते देवाला ठाऊक. खाली अरुंद आणि वर रुंद, घागऱ्यासारखं झालंय. एडेल म्हणाली उसव. पण मला धीर धरवेना. चार आठवडे लागलेत त्याला.

मेट्रनबाईंनी वीस मिनिटं उकळून दिलंय, सोबत चिठ्ठी आहे. चांगल्या आहेत बाई, पण तोंडावर हसू नावाला नाही.

कुठे टांगलंत ते लिहा. मला इथे पडल्या पडल्या डोळ्यांसमोर आणायचंय.

डॅग्नी

---

ओडेहाउन, २६ ऑक्टोबर

डॅग्नी,

मिळालं. चुलीशेजारच्या खुंटीला टांगलंय, खिडकीच्या बाजूच्या. वाकडं असलं तरी पाणी छान शोषतं, आणि फडक्याचं काम तेवढंच.

तुझे तेरा टाके कुठून आले ते मी सांगते. ओळ संपवून सुई फिरवलीस की तू धागा सुईवरून मागे ओढतेस. मग पहिल्या टाक्याचे दोन पाय वर येतात आणि तू दोन्ही पाय वेगवेगळे टाके समजून विणतेस. सगळ्या नवशिक्या पोरी हेच करतात, फक्त त्या सात वर्षांच्या असतात. धागा खाली, तुझ्याकडे लोंबत राहू दे. आणि दर ओळीचा पहिला टाका न विणता नुसता पलीकडे सरकव, म्हणजे काठ वेणीसारखा सरळ येतो.

दुसरं कर. हातांना काम असलं की डोक्यात नको ते येत नाही.

लिस्बेटला दोन दाढा आल्या. तिच्यासाठी जाड मोजे करतेय.

अबेलोने

---

सॅनेटोरियम, २९ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

दुसरं मिळालं असेल, आज तिसरं पाठवतेय. चाळीसचे चाळीस! शेवटच्या ओळीला मी मोठ्यानं मोजत होते, तर खोकला आला आणि मेट्रनबाई धावत आल्या. म्हटलं, काही नाही बाई, चाळीस आहेत.

याला निळा काठ आहे. धागा एडेलचा. लिस्बेटला निळा रंग आवडायचा, माझा तो निळा ॲप्रन धरून सगळ्या घरभर फिरायची. हे नाताळला तिच्या हातात द्या आणि सांगा की आईनं केलंय. तिची छोटी थाळी ती यानंच पुसेल.

लाउरिट्स मागच्या रविवारी आला होता. टोपी हातात फिरवत तासभर बसला, हवेबद्दल बोलला. मी विचारलं, खुंटीवर फडकं कसं दिसतं? तर म्हणतो, कुठलं फडकं? आता बोला. पुरुषमाणसाला डोक्यावर छप्पर नसलं तरी पाऊस आल्यावरच कळेल. मी इतकी हसले की डॉक्टर रागावले.

ताप संध्याकाळी चढतो थोडा. काळजी नको. वजन मात्र वाढत नाही.

डॅग्नी

---

ओडेहाउन, ३ जानेवारी १९३७

डॅग्नी,

उशीर झाला. नाताळात माणसं होती, मग लाउरिट्सला पाठीत उसण भरली, घरात बसून माझं डोकं खात होता.

निळ्या काठाचं लिस्बेटला दिलं. काय सांगू, तिनं ते गालाला लावलं आणि म्हणाली, "आईचं." मग कुणाला हात लावू देईना. दर सोमवारी पांढऱ्या कपड्यांबरोबर सोडा घालून उकळते मी, पण निळा अजून जसाच्या तसा गडद आहे. चांगला धागा दिला तुझ्या मैत्रिणीनं.

नाताळच्या खिरीत लपवलेला बक्षिसाचा बदाम लिस्बेटलाच निघाला. निघाला म्हणजे मीच वाढला तिच्या वाटीत.

आता जरा मोठं काम घे. पंचेचाळीस टाके घाल. आणि ताप किती असतो तो आकडा लिही. "थोडा" म्हणजे मला काय समजायचं?

अबेलोने

---

सॅनेटोरियम, ११ जानेवारी

वन्सं,

ताप अडतीस-दोन. एवढा रोज.

एडेलनं त्याच निळ्या गुंड्यातून स्वतःसाठी एक फडकं केलं होतं. गेल्या आठवड्यात इथल्या धोबीखान्यात उकळायला टाकलं. धाग्याचा रंग कच्चा निघाला. पहिल्याच उकळीत फडकं निळं, बरोबरच्या सहा उशांचे अभ्रे निळे, धोबीण तिच्या नावानं शंख करत होती. माझं निळ्या काठाचं गेलं तेव्हा मेट्रनबाई रजेवर होत्या. बदलीवर आलेल्या नर्सनं ते उकळलंच नव्हतं, नुसतं वाफेच्या पेटीत ठेवून पाठवलं. म्हणून इथे कुणाला कळलं नाही.

तुम्हाला सावध करायला म्हणून मी पत्र लिहायला घेतलं. लाउरिट्सचे सदरे त्यात टाकू नका असं लिहिणार होते. आणि मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं.

दर सोमवारी उकळता. निळा जसाच्या तसा.

मी तीन दिवस विचार केला की याचा दुसरा काही अर्थ निघतो का. तुम्ही धुण्यात चुकणाऱ्या बाई नाही. मला बाकी काही विचारायचं नाही, एकच सांगा. तिनं ते गालाला लावलं होतं का? त्या एका वाक्यावर मी आठवडाभर झोपलेय.

डॅग्नी

---

ओडेहाउन, २४ जानेवारी

डॅग्नी,

नाही लावलं. तिनं ते पाहिलंच नाही.

तिन्ही पुडकी मी चिमट्यानं धरून चुलीत टाकली. पहिलं तर सोडलंही नाही. तुझे तेरा टाके मी कधी पाहिले नाहीत. पत्रात तू जे लिहिलंस त्यावरून चूक ओळखली. लाउरिट्सला यातलं काही माहीत नाही, त्याच्यावर रागावू नकोस.

आता कारण सांगते. तू या घरात आलीस तेव्हा माझा अँकर जाऊन दोन वर्षं झाली होती. पाच वर्षांचा होता, एवढंच तुला माहीत आहे. माझा थोरवाल तुझ्यासारखाच सॅनेटोरियममध्ये होता. तिथे त्यानं लाकडाचा घोडा कोरला, लाल रंगवला आणि पोराला पाठवला. अँकर तो तोंडात घालायचा. मी हसायचे, म्हणायचे, अरे घोडाच जेवतोस की काय. मग नाताळला थोरवाल बरा झाला म्हणून आठ दिवस घरी येऊन गेला. मार्चमध्ये पोराला मेंदूचा ताप झाला आणि बारा दिवसांत संपला. डॉक्टर म्हणाले, बाई, घोड्यानं काही होत नाही, बापाच्या श्वासातून आलं असणार. असेल. पण तो श्वास मला दिसला नव्हता. घोडा दिसला होता.

तुझं पहिलं पुडकं आलं तेव्हा लिस्बेट टेबलाशी खेळत होती आणि हात पुढे करून म्हणाली, "दे." मला पुढचं काही आठवत नाही, चुलीचं दार उघडं होतं एवढं आठवतं. मेट्रनबाईंची चिठ्ठी मी नंतर वाचली. वाचूनही दुसरं जाळलं, तिसरंही जाळलं.

मग तुला काय लिहायचं? तू विचारलंस कुठे टांगलंय. एकदा खुंटी लिहिली की पुढचं आपोआप सुचत गेलं.

आता लिहितेच आहे तर सगळंच लिहिते. नोव्हेंबरपासून लिस्बेट मला आई म्हणते. मी शिकवलं नाही. सुरुवातीला मी म्हणायचे, आई नाही गं, आत्या. आता म्हणत नाही. मला ते ऐकायला बरं वाटतं, डॅग्नी. लाज वाटते आणि बरंही वाटतं.

तुला हवं ते बोल मला. मी ऐकून घेईन.

अबेलोने

---

सॅनेटोरियम, २ फेब्रुवारी

वन्सं,

पहिले दोन दिवस तुम्हाला इतक्या शिव्या दिल्या की एडेलनं कानात कापूस घातला. मग बाहेर बर्फ पडायला लागलं, ओसरीवर सगळ्या पडून होतो, आणि मी तुमच्या जागी स्वतःला उभं केलं. टेबलाशी लिस्बेट, हात पुढे, "दे." मीही जाळलं असतं. तुमच्याहून लवकर जाळलं असतं.

म्हणून राग नाही. नाही कसा, आहे. पण तुमच्यावर किती आणि या रोगावर किती ते मला वेगळं करता येत नाही.

खोटं मात्र पुन्हा लिहू नका. मला खरं पुरेल, कितीही कमी असलं तरी. ती आई म्हणते तर म्हणू द्या. थांबवू नका तिला. तुम्हाला कुणी आई म्हणून हाक मारून दहा वर्षं झाली, आणि तिला तर हाक मारायला समोर कुणी हवं. हे लिहिताना मला रडू येतंय, ते तुम्हाला दिसू नये म्हणून पेन्सिलीनं लिहितेय. शाई फुटते.

फडकी आता पाठवणार नाही. विणते मात्र आहे, नाहीतर संध्याकाळचा तो तास जात नाही. कपाटात ठेवते. चार झालीत. काठ सरळ येतो आता, तुम्ही सांगितल्यासारखा.

दुसऱ्या बाजूचंही फुप्फुस धरलंय. डॉक्टर म्हणतात डाव्या बाजूच्या काही फासळ्या काढायच्या, म्हणजे ते फुप्फुस निजून राहील. २६ तारखेला आहे. लाउरिट्सला सांगितलंय की छोटंसं आहे. तुम्हाला खरं सांगते, छोटं नाही.

तुमची,
डॅग्नी

---

ओडेहाउन, २४ फेब्रुवारी

डॅग्नी पोरी,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे होत आले. रोज लिहायला बसत होते आणि रोज बटाटे सोलायला उठत होते. मला माफी मागता येत नाही, हे तुला माहीत आहेच.

आज सकाळी लिस्बेट स्टुलावर उभी राहून तिची थाळी पुसत होती. माझ्या फडक्यानं. मला विचारते, "हे कुणी केलं?" मी म्हटलं, "मी केलं." खरंच होतं ते. पण ती फडक्याकडे बघून मला म्हणाली, "आईनं केलं." आणि मी गप्प बसले. तुझी हाक मी घेतलीच होती, आता हेही घेतलं. मग मात्र माझ्यानं बसवेना. हात पुसले आणि लिहायला घेतलं.

पाठव. चार असतील तर चार, पाच असतील तर पाच. सगळी पाठव. तुझ्या मेट्रनबाईंवर माझा विश्वास नाही, मी पुन्हा तीनदा उकळीन, थंडीत बाहेर वाळत घालीन, इस्त्री फिरवीन. भीती गेलेली नाही, खोटं लिहू नको म्हणालीस म्हणून सांगते. भीत भीत वापरीन. पण जाळणार नाही. आणि लिस्बेटच्या हातात देऊन सांगेन की तुझी खरी आई दूर आहे, तिनं हे केलंय, आणि आधी तिला येत नव्हतं.

लाउरिट्स हे पत्र आज बंदरावरच्या टपालात टाकेल. वारा फार आहे, होडी सुटली तर परवा पोचेल.

साय खा.

तुझी वन्सं,
अबेलोने

---

सॅनेटोरियम, १६ मार्च १९३७

श्रीमती अबेलोने क्रोग यांस,

आपल्या भावजयीच्या वस्तूंबद्दल विचारणारं आपलं पत्र मिळालं. आपल्या भावाबरोबर कपडे, घड्याळ आणि मुलीचा फोटो पाठवला आहे. आपण ज्या फडक्यांविषयी लिहिलंत त्यांचं उत्तर मी पत्रानं देणं योग्य समजते.

ती सहा होती. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला बोलावून कपाटातून ती काढून दिली. मी म्हटलं, उकळून पाठवते घरी. त्या म्हणाल्या, "नको बाई. मी नाही उठले तर तुम्हीच जाळा. घरी गेली तर माझ्या वन्संना जाळावी लागतील, आणि त्यांना पुन्हा तसं करायला लागू नये." मी कारण विचारलं नाही. आमच्याकडे बहुतेकींना घरच्यांच्या अशा भीतीची सवय असते.

आपल्याला भावानं सांगितलं असेल ते मी पुन्हा लिहीत नाही. त्या २६ तारखेला दुपारी गेल्या, शुद्धीवर न येता. त्याच संध्याकाळी मी त्यांचं सांगणं पाळलं. ते काम धोबिणीला दिलं नाही, भट्टीशी मी स्वतः उभी राहिले.

आपलं २४ तारखेचं पत्र २८ ला आलं. वादळानं होडी दोन दिवस अडकली होती असं पोस्टमन म्हणाला. ते त्यांच्या नावाचं होतं, म्हणून मी उघडलं नाही. भाऊ यायच्या आधी शवपेटीत त्यांच्या हाताखाली ठेवलं. त्यात काय होतं ते मला आपल्या आताच्या पत्रावरून कळलं.

बावीस वर्षं मी इथून जाणारी प्रत्येक वस्तू उकळते आहे. ती फडकी स्वच्छ होती. आपल्या घरात त्यांनी कुणालाही काही झालं नसतं, हे मला आपल्याला सांगायलाच हवं. मुलीनं ती खुशाल गालाला लावली असती तरी चाललं असतं.

योहाने यूल
मेट्रन